कमानीवरचे नाव आणि आतल्या पाट्या

१

नामांतराचा लढा १४ जानेवारी १९९४ रोजी संपला, असे आपण म्हणतो. त्या दिवशी मराठवाडा विद्यापीठ हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला माणसे गावोगावहून येतात, विद्यापीठाच्या कमानीपुढे नतमस्तक होतात आणि लेकरांना कडेवर घेऊन ती अक्षरे दाखवतात. ज्यांना वाचता येत नाही तेही त्या अक्षरांकडे बघत उभे राहतात. एका पाटीसाठी एवढा मोठा समाज उभा राहिल्याचे उदाहरण शिक्षणाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

मला या लेखात कमानीच्या आत जायचे आहे. कमानीवरचे नाव वाचून आत शिरलेला विद्यार्थी पुढे कुठे जातो? त्याला शिष्यवृत्तीची खिडकी सापडते का? अन्याय झाला तर कोणाच्या दारावर थाप मारायची, हे त्याला कोणत्या पाटीवरून कळते? दालनाच्या दारावर कोणाचे नाव लागते, कसे लागते आणि कोणाचे लागतच नाही? हे प्रश्न विद्यापीठाच्या बांधकाम खात्याचे आहेत असे समजून आपण सोडून दिले आहेत. माझे म्हणणे असे की हे प्रश्न आपल्या इतिहासाचे आहेत.

मी ठाणे-कल्याण पट्ट्यात शिकलो आणि आता याच पट्ट्यात शिकवतो. वडील कल्याणच्या भाजी मार्केटात हमाली करीत. शाळेत ते दोन इयत्तांपलीकडे गेले नव्हते. त्यांनी अक्षरे पक्की केली ती स्टेशनवरच्या पाट्यांवरून. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलेले ‘कल्याण’, ‘डोंबिवली’, ‘ठाणे’. गाडी थांबली की पाटी समोर येई आणि ते मनातल्या मनात अक्षरे लावीत. ती पाटी वाचण्यासाठी कोणाला काही विचारावे लागत नसे, आपण कोण हे सांगावे लागत नसे.

बारावीनंतर ते मला घेऊन एका महाविद्यालयाच्या कार्यालयात आले. त्या महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तसे कार्यालय सगळीकडे असते. ओळीने खिडक्या होत्या. एकीवर ‘अकाउंट्स’ होते, एकीवरचा कागद निम्मा फाटला होता, बाकीच्या कोऱ्या. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे मिळतो हे कुठेही लिहिलेले नव्हते. वडिलांनी तिन्ही खिडक्यांवर विचारले. चौथ्या खिडकीतून आवाज आला, “कॅटेगरी काय?” रांगेतली सगळी डोकी आमच्याकडे वळली. वडील एक पाऊल मागे सरले. स्टेशनवरची पाटी बिनदिक्कत वाचणारा माणूस त्या कार्यालयात निरक्षर झाला होता.

रेल्वेची पाटी आणि कार्यालयाची कोरी खिडकी यांतले अंतर मला तेव्हा कळले नाही. इतिहास वाचू लागल्यावर ते उलगडले.

२

अमेरिकेच्या दक्षिण भागात नळांवर, बाकांवर, प्रतीक्षागृहांवर गोऱ्यांसाठी वेगळ्या आणि काळ्यांसाठी वेगळ्या पाट्या होत्या. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने त्या उतरवल्या. दक्षिण आफ्रिकेत १९५३ साली स्वतंत्र सुविधांचा कायदाच झाला आणि तो १९९० पर्यंत चालला. तिथला वर्णभेद पाटीवर लिहिलेला होता, म्हणून त्याचे छायाचित्र काढता आले आणि ते जगाला दाखवता आले.

आपल्याकडे काय होते? रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशा पाट्या होत्या हे खरे. पण गावाच्या पाणवठ्यावर ‘महारांना मनाई’ अशी पाटी लावण्याची गरज कोणाला पडली? गावात प्रत्येकाला प्रत्येकाची जात ठाऊक होती. कोणती वाट कोणाची, कोणती पायरी कोणाची, हे मूल चालायला लागले की शिकत असे. जातिव्यवस्था ही न लिहिलेल्या दिशादर्शनाची व्यवस्था होती. तिचा नकाशा माणसांच्या डोक्यात होता, आणि अनोळखी माणूस आला की तो एका प्रश्नाने त्याची जागा ठरवीत असे: तू कोण?

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा मसूर स्टेशनवरचा प्रसंग लिहून ठेवला आहे. साताऱ्याहून ही भावंडे वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली होती. नवे कपडे घातलेली, नीटनेटकी मुले. मसूर स्टेशन आले, ती उतरली. इथपर्यंत काही अडचण आली नाही. अडचण आली ती पुढे. वडिलांचा माणूस न्यायला आला नव्हता, आणि आता पुढची वाट विचारणे भाग होते. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. तुम्ही कोण, हे विचारले. मुलांनी सरळ महार असल्याचे सांगितले आणि त्याचा चेहरा पालटला. मग गाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडे देऊ केल्यावर एक तयार झाला, तोही मुलांनी गाडी स्वतः हाकावी आणि आपण बरोबर चालावे या अटीवर. रात्रभर पाणी मिळाले नाही.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेच्या क्रौर्याचे उदाहरण म्हणून सांगतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जोवर वाट लिहिलेली होती तोवर ती मुले इतर प्रवाशांसारखी प्रवासी होती. वाट विचारावी लागली त्या क्षणी ती महार झाली. विचारावे लागणे म्हणजे ओळख द्यावी लागणे. ज्याच्या जातीला या देशात किंमत मोजावी लागते, त्याच्यासाठी लिहिलेली पाटी हे संरक्षण असते.

३

म्हणून आपल्या चळवळीच्या इतिहासात ‘लिहून जाहीर करणे’ या कृतीला मोठे मोल आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाडच्या तळ्यामुळे आपल्याला त्यातले पाणवठे लक्षात राहिले. त्या यादीत ‘कचेऱ्या’ हा शब्दही आहे, हे आपण विसरलो.

महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. तळ्याकाठी मात्र काहीच बदलले नाही. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी दुसरा ठराव आणला आणि अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांचे अनुदान रोखावे असे सुचवले. तरीही तळ्याचे पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि न्यायालयाचा शेवटचा निकाल मिळायला १९३७ साल. फाइलीतला हक्क आणि जागेवरचा हक्क यांत केवढे अंतर असते, याचा हा आपल्या इतिहासातला सर्वांत ठसठशीत धडा आहे.

शिक्षणसंस्थांच्या आतही हाच अनुभव होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनेहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हुद्दा सरकारी, विद्वत्ता निर्विवाद. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. म्हणजे नेमणुकीच्या आदेशावर नाव लागले, तरी खोलीत जागा मिळाली असे होत नाही. पुढे बाबासाहेबांनी स्वतः संस्था काढल्या तेव्हा त्यांच्या दारावर कोणती नावे लावली? १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ. १९५० साली औरंगाबादेत सुरू झालेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद, आणि त्या परिसराला नागसेनवन. ही देणगीदारांची नावे नव्हेत. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू यांची ही नावे आहेत. जिथे विचारणे अपमानाचे होणार नाही अशी जागा, असा अर्थ मी त्यातून घेतो.

४

या पार्श्वभूमीवर नामांतराकडे पाहिले पाहिजे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात काय झाले ते सांगण्याची गरज नाही. वस्त्या जळाल्या, माणसे गावाबाहेर हाकलली गेली, पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. ठरावापासून पाटीपर्यंत साडेपंधरा वर्षे लागली. महाडच्या ठरावाची ही नवी आवृत्ती होती.

शेवटी जे झाले त्याला ‘नामविस्तार’ म्हणतात. जुने नाव ठेवून त्याआधी बाबासाहेबांचे नाव जोडले. ती तडजोड होती हे आपल्याला माहीत आहे. पण त्यानंतर एक सूक्ष्म गोष्ट घडली. बोलण्यात, बातमीत, अर्जावर ‘बामु’ आले. ज्या नावासाठी माणसे मेली ते दोन अक्षरांत आवळले गेले. २०१४ साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले, तिथेही तेच. लांब नाव उच्चारायला अवघड, हे कारण दिले जाते. पण पाटी कशी लिहावी, कोणते नाव पूर्ण लिहावे, संक्षेप कुठे चालेल, याचे नियम करता येतात. नियम नसले की सवय राज्य करते, आणि सवय नेहमी जुन्या नावाच्या बाजूची असते.

नावाच्या प्रश्नात चळवळ कधीच भाबडी नव्हती. १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधानसभेत कायद्यात ‘हरिजन’ हा शब्द घालण्यास स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी विरोध केला आणि सभात्याग केला. आम्हाला काय म्हणावे हे आम्हाला न विचारता ठरवू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १७ मे १९३६ रोजी आपल्या कल्याणात बाबासाहेबांनी धर्मांतरावर भाषण केले. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी नुसत्या नामांतराने काय होणार, हाही प्रश्न घेतला. समाजातली जागा तीच राहिली तर नव्या नावालाही जुनाच वास लागतो, हे त्यांनी ओळखले होते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्ह आहे. पण आपल्या लोकांनी शहराच्या कडेला वस्त्या वसवल्या तेव्हाच निळ्या रंगाने सिद्धार्थनगर, भीमनगर, रमाबाईनगर अशी नावे स्वतः रंगवली होती. शासनाच्या आधी पेंटरचा ब्रश पोहोचला होता. नळ आणि गटार मात्र त्या पाटीमागे पुष्कळ उशिरा आले.

यावरून कोणी म्हणेल, मग पाट्यांना महत्त्व कशाला द्यायचे? उत्तर असे की पाटी ही शेवट नव्हे, ती दावा आहे. पाटी लागली की तिच्याकडे बोट दाखवून विचारता येते: लिहिले आहे ते कुठे आहे?

५

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. ठाण्याला आणि कल्याणला मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रे आहेत. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर भागांत महाविद्यालयांची गर्दी आहे. माझ्या वर्गात शहापूर, मुरबाड, कसारा, वाशिंद इथून मुले येतात. त्यांत आदिवासी आहेत, बौद्ध आहेत, मातंग, चर्मकार, भटके आहेत. आई घरकाम करणाऱ्या आणि बाप रिक्षा चालवणाऱ्या घरांतली आहेत. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. आजही यांतल्या अनेकांचे शिक्षण तिच्यावर चालते. अर्ज आता महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. पण अर्ज अडकला, कागद परत आला, की पुन्हा त्याच कार्यालयात, त्याच खिडकीपाशी यावे लागते. आणि खिडकीचा प्रश्न तसाच आहे.

मी हल्ली नव्या कार्यालयात गेलो की पाट्या वाचतो. सामान्यपणे काय दिसते? प्रमुखाच्या दालनावर पितळी पाटी, त्यावर पदव्यांची रांग. संस्थेला देणगी देणाऱ्यांची नावे संगमरवरात. लिपिकाच्या टेबलावर काही नाही. शिपाई आणि सफाई कामगार यांचे नाव कुठेच नाही. ते वीस वर्षे तिथे काम करतात आणि त्यांना ‘ए’ म्हणून हाक मारली जाते. मागासवर्ग कक्ष असलाच तर जिन्याखाली किंवा वरच्या मजल्याच्या टोकाला, आणि त्याकडे नेणारा बाण कुठेही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ च्या विनियमांत भेदभावविरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले होते. तो अधिकारी कोण, हे विद्यार्थ्याला कोणती भिंत सांगते?

नावांचाही प्रश्न आहे. आपल्याकडे आडनाव ही जातीची पाटी आहे. दारावरचे आडनाव वाचून आत जाण्याआधीच माणसे मनात हिशोब करतात. माझ्या ओळखीचे काही ज्येष्ठ प्राध्यापक आडनाव गाळून आद्याक्षरांवर भागवीत. मी त्यांना दोष देणार नाही. त्यांनी जे सोसले ते मला सोसावे लागले नाही. पण मी माझ्या पाटीवर आडनाव पूर्ण लिहितो. पहिल्या वर्षाला आलेली एखादी मुलगी ती पाटी वाचते, दारात थबकते आणि विचारते, “सर, आत येऊ?” त्या थबकण्यातला दिलासा मला समजतो. तिला आतले माणूस परके वाटत नाही. एका बाजूला हिशोब आणि दुसऱ्या बाजूला दिलासा, अशी ही दुधारी पाटी आहे. तिचा निर्णय त्या व्यक्तीचाच असला पाहिजे. संस्थेने फक्त अक्षरांचा आकार सर्वांना सारखा ठेवावा.

६

तेव्हा मागणी काय करायची? कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थी संघटनांनी पाट्यांचे प्रमाण ठरवून मागावे, असे मला वाटते. त्यासाठी कायद्याचा आधार पुरेसा आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे, आणि सेवा कोणती, ती किती दिवसांत, देणारा अधिकारी कोण, अपील कोणाकडे, हे सूचनाफलकावर लावणे त्यात अपेक्षित आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वेही काढली. राजभाषा अधिनियम तर १९६४ चा आहे. कायदे फाइलीत आहेत. त्यांना भिंतीवर आणायचे आहे.

प्रमाण साधे असावे. पाटीवर आधी काम लिहावे, मग पद, मग नाव. ‘शिष्यवृत्ती’, ‘परीक्षा’, ‘तक्रार’ हे शब्द मोठे, पदव्या लहान. मराठी सोपी असावी. ‘कुलसचिव’ लिहिले तर त्याखाली तिथे काय काम होते तेही लिहावे. प्रवेशद्वारापाशी एक पूर्ण फलक, आणि जिथे वाट फुटते त्या प्रत्येक ठिकाणी बाण. वाट चुकल्यावर सापडणारी पाटी उपयोगाची नसते. मागासवर्ग कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची नावे प्रवेशद्वाराच्या फलकावर, तळमजल्यावर. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांत ठळक फरक. दाराच्या कडेला, हात पोहोचेल अशा उंचीवर, ब्रेल आणि बोटांनी वाचता येणारी अक्षरे. अंध विद्यार्थ्यालाही न विचारता दार सापडले पाहिजे. त्याचा प्रश्न आणि माझ्या वडिलांचा प्रश्न एकाच जातकुळीचे आहेत.

आणि नावे सर्वांची. प्राचार्यांपासून सफाई कामगारापर्यंत एकाच आकाराच्या अक्षरांत. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव लावणे बंधनकारक केले. ज्यांना हवे त्यांना पाटीवरही ते लावता यावे. माणूस बदलला की पाटी बदलावी. निवृत्त अधिकाऱ्याच्या नावाची पाटी वर्षभर दारावर राहणे म्हणजे तक्रार घेऊन येणाऱ्याची फसवणूक आहे.

हे फार किरकोळ आहे असे काही मित्रांना वाटेल. खाजगीकरण वाढते आहे, शिष्यवृत्त्या रखडतात, जागा रिकाम्या राहतात, आणि तुम्ही पाट्यांचे काय घेऊन बसलात? मी त्यांना एवढेच म्हणेन की रिक्त जागाही पाटीवर लिहा. मंजूर पदे किती, भरलेली किती, राखीव किती, हा फलक प्रत्येक विभागाच्या दारावर लावण्याची मागणी करा. मग कळेल पाटी किरकोळ आहे की नाही. जी व्यवस्था न लिहिलेल्या नियमांवर शेकडो वर्षे चालली, तिला लिहिण्याची भीती वाटणे साहजिक आहे.

वडील आता थकले आहेत. मागच्या वर्षी मी त्यांना माझ्या महाविद्यालयात नेले. त्यांनी माझ्या दारावरची पाटी वाचली, स्टेशनवरची वाचत तशी, एकेक अक्षर लावीत. मग शेजारच्या कार्यालयाच्या खिडक्यांकडे बघून म्हणाले, “आणि इथं काय लिहिलं नाही का रं?”

त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी ब्रश हातात घेऊ शकतो, पण एकट्याने रंगवलेली पाटी दुसऱ्या दिवशी उतरवतात. कमानीवरचे नाव साडेपंधरा वर्षांनी का होईना लागले, कारण मागे समाज उभा होता. आतल्या पाट्यांसाठी तो उभा राहणार आहे का, हे आपण ठरवायचे आहे.